जाऊबाईंच्या कालवणाचा नवस

…नाही, नवस बोलले त्याचं मला काही वाटत नाही! हरेगावच्या यात्रेत मतमाउलीपुढं, म्हणजे आमच्या मारियामातेपुढं, मेणबत्ती घेऊन उभं राहिलं, मागून सगळा श्रीरामपूर तालुका पाठीत कोपरं मारतोय, पुढून स्वयंसेवक 'चला बाई, चला, सरका पुढं' करतोय, अशा वेळी बाईमाणसाच्या तोंडून जे निघायचं ते निघतं. पण सोडायचं तर सोडलं काय मी? डुकराचं मटण! नगरात राहून! अहो, तुम्हाला सांगते, आमच्या आळीत रविवारी मिस्सा संपायच्या आत फोडणीचा वास चर्चमध्ये येतो, आणि शेवटच्या गायनाला सगळ्यांचा सूर एकदम चढतो, तो काय भक्तीनं चढतो होय? नुसते आमचे ख्रिस्ती लोक खातात असं समजू नका. भिंगारच्या छावणीतले जवान येतात, कापड बाजारातले एक गुमास्ते 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत दर सुट्टीला सहज चाललेले असतात, आणि आमचे घरमालक आबासाहेब! सावेडीच्या मळ्यातून सायकल मारत येतात. त्यांची पितळी ताटली आमच्या फळीवर पालथी घातलेली असते, कारण घरी गोजरबाईंना, म्हणजे मालकीणबाईंना, पत्ता नाही. गोजरबाईंना वाटतं, मालक घरांची डागडुजी बघायला जातात. सबंध नगर शहरात आमच्या घराएवढी डागडुजी कुणाच्या घराची बघितली गेली नसेल, आणि कौलं अजून गळतायत!

अशा गावात मी मटण सोडलं. का सोडलं? तर माझ्याकडं सोडायला दुसरं उरलंच नव्हतं हो! थोरला मॅट्रिकला बसला तेव्हा चहा सोडला. ह्यांच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा साखर सोडली, हाड जुळलं, साखर काही परत धरता येईना. धाकटीच्या गोवराला भजी गेली. नणंदेचं लग्न जमावं म्हणून सिनेमा सोडला, आता नणंद दर शुक्रवारी नवऱ्याबरोबर सिनेमाला जाते आणि मला गोष्ट सांगायला येते. मग मतमाउलीपुढं उभं राहून मी काय सांगणार? माते, मी दोडका सोडते? तिला कळत नाही का दोडका कुणाला आवडतो ते? ती आई आहे, तिला माझं ताट माहीत आहे. जिवाचं द्यायचं तर एकच उरलं होतं. ते दिलं.

आणि मागितलं काय? वाईट काही मागितलं नाही. मी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही, विचारा कुणालाही. मी एवढंच म्हटलं, 'माते, आमच्या जाऊबाईंची सगळ्या नगरासमोर अशी फजिती कर, अशी फजिती कर, की त्यांची पळी त्यांच्या हातातल्या हातात वितळावी. आणि ते कालवण कुणाचं, ते सगळ्यांना एकदा कळू दे.' बस. एवढंच!

आता तुम्ही म्हणाल, दयाबाई, जाऊबाईंनी तुमचं काय वाकडं केलं? ऐका मग.

मार्थाबाई आमच्या थोरल्या जाऊबाई. भिंतीला भिंत लावून घर, अंगण एक. थोरले भाऊजी, सत्यवान मास्तर, शाळेत शिकवतात, जाऊबाई चर्चमध्ये पेटी वाजवतात, आणि बोलणं असं की शब्द इस्त्री करून बाहेर काढलेला. मी बेलापूरची. लग्न होऊन आले तेव्हा 'हाय' आणि 'न्हाई' बोलायची, तर जाऊबाई चारचौघांत म्हणायच्या, 'दया, आपल्याकडे आहे म्हणतात हं, आ-हे.' बरं बाई, आ-हे.

तर माझ्या पहिल्या नाताळाला मी माझ्या आईचं कालवण केलं. डुकराचं, अंबाडी घालून. आमच्या बेलापूरला माझी आई, बनुबाई, पावसाळ्यातली अंबाडी वाळवून ठेवते, आणि नाताळाला तो पाला डुकराच्या कालवणात पडतो. चरबी आधी आपल्याच अंगानं कढू द्यायची, तेलाचा थेंब नाही. मग मसाला, मग मटण, आणि पाला एकदा उकळून, पाणी फेकून, पिळून सगळ्यात शेवटी. आंबट असं उतरतं की चरबी जिभेवर बसत नाही, सरळ आत्म्यात जाते. आईला हे तिच्या सासूनं शिकवलं, सासूला कुणी शिकवलं ते परमेश्वराला ठाऊक. त्या नाताळाला पंगत बसली, लोकांनी पहिला घास घेतला, आणि सगळं अंगण गप्प! मास्तर, शेजारीपाजारी, फादर, सगळे गप्प. मग फादर म्हणाले, 'हे कोणी केले?' मी पदर सावरून उठणार, तोवर जाऊबाई पळी घेऊन उभ्या! म्हणाल्या, 'आमच्या घरची पद्धत आहे, फादर.'

आमच्या घरची! झालं! त्या दिवसापासून ते 'मार्थाबाईंचं कालवण'. मसाला मी वाटायचा, चुलीत धूर मी खायचा, अंबाडी माझ्या आईनं पाठवायची, आणि सगळं उतरलं की जाऊबाई यायच्या, 'दया, झालं का गं? हो आता बाजूला, बाकीचं मी बघते.' बाकीचं म्हणजे काय? पळी! वाढायचं तेवढं त्यांनी. आणि वाढणारीचंच नाव होतं हो जगात, चुलीला कोण विचारतो? बारशाला बोलावणं मार्थाबाईंना, रौप्यमहोत्सवाला बोलावणं मार्थाबाईंना, छावणीतल्या एका सुभेदारानं तर त्यांना सलाम ठोकला. मी मागं परात घेऊन उभी. मी काही बोलले का? नाही. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. मी फक्त मेणबत्ती लावत राहिले.

आणि मग आला बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटल्या, कॅनॉल आटला, रेशनला परदेशी ज्वारीचा लाल मिलो आला, त्याची भाकरी थापावी तर थापणाऱ्याला पाप लागावं अशी. आईचं बेलापूरला एकटीचं भागेना, तेव्हा नाताळाआधी मी तिला नगरला आणली. ती एसटीतून उतरली ती हातात बोचकं आणि तोंडात एकच गोष्ट. 'दये, ह्या नाताळाला तुज्या हातचं आपलं कालवण खायाचं. माज्या सासूचं, माजं, आन आता तुजं. समद्या नगरानं खाल्लं म्हंत्यात! माजं नाव निघतं का गं जेवताना?'

आता सांगा! म्हातारीचे डोळे असे लकाकतायत… मी म्हटलं, 'निघतं की आई, सारखं निघतं.'

म्हटलं तर खरं. म्हातारी पंगतीत बसणार, सगळे म्हणणार 'वा मार्थाबाई', आणि माझी आई माझ्याकडं बघणार. यात्रेत बोललेला नवस मला आठवला आणि मी म्हटलं, माते, आता उशीर करू नकोस. तुझं मटण मी सोडून ठेवलंय, तू तुझं काम कर!

तिनं केलं. कसं केलं ते ऐका.

आईच्या बोचक्यात दोन पुरचुंड्या होत्या, दोन्ही तिच्या एकाच जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. एकीत आमची वाळलेली अंबाडी. दुसरीत मेंदीचा वाळका पाला. मेंदी कशाला? तर जाऊबाईंनीच मागवली होती, हळूच, माझ्या कानात, 'बेलापूरला मेंदीची कुंपणं आहेत ना गं? थोडी आणायला सांग. मास्तरांना… उष्णतेसाठी लागते.' उष्णतेसाठी! मास्तरांचे केस काळेभोर कसे राहिले ह्याचं सबंध शाळेला कौतुक, म्हणे सकाळी थंड पाण्यानं डोकं धुतात. आता अगदी काळे नव्हतेच ते, उन्हात बघितलं की तांब्याच्या घागरीसारखे दिसायचे, पण मास्तरांना कोण बोलणार! मी दोन्ही पुरचुंड्या खुंट्यांना अडकवल्या, अंबाडी माझ्या चुलीजवळ फळीआड, मेंदी दाराजवळ जाऊबाईंनी न्यावी म्हणून. कुठली कुठं, ते त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

आणि नाताळाच्या सकाळी मिस्सेवरून आले ती मी मौन धरून! मौनाचा नवस! तसाही मला मौनाचा नवस कधीतरी करायचाच होता, दुष्काळ हटावा म्हणून. जेवणाच्या प्रार्थनेचं 'आमेन' होईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही, कामाला हात लावायचा नाही, नुसती जपमाळ. धाकटीनं जाऊन जाऊबाईंना सांगितलं, 'काकू, आईचं मौन आहे, कालवण तुम्हीच करायचं.'

अहो, जाऊबाईंचा चेहरा! इस्त्री एकदम उतरली! आसाराम आमचा डुकरं पाळणारा, आळीनं मिळून घेतलेल्या डुकराचे वाटे घालून आमचा वाटा घरी टाकून गेलेला, मटण परातीत, पंगत दुपारी, आबासाहेब डागडुजी बघायला निघालेले… आणि पळीवाली बाई चुलीपुढं एकटी!

आल्या माझ्याकडं. मी स्टुलावर बसलेली, माळेतला मणी ओढतेय. 'दया, तेल किती घालायचं गं?' मी मणी ओढला. 'बरं, नुसतं बोटानं सांग, चरबी आधी की मसाला आधी?' मी डोळे मिटले. 'नमो मरिये' चालू होतं हो माझं मनात, मध्येच कसं तोडायचं? मग त्या रागावल्या, 'नवस नवस नवस! देवाला तरी झोप येते की नाही तुझ्यामुळं!' आणि तरातरा दाराजवळ गेल्या, खुंटीवरची पुरचुंडी ओढली, आणि सोडली कालवणात.

कुठली? दाराजवळची!

आता मी काय करणार? मौन आहे ना माझं! हातानं खुणा केल्या असत्या म्हणाल, तर हात माळेत. पाय आपटला असता म्हणाल, तर तेही एक प्रकारचं बोलणंच झालं. नवस म्हणजे नवस. मी वर मतमाउलीच्या तसबिरीकडं बघितलं. ती हसत होती. ती नेहमीच हसते, पण त्या दिवशी जरा जास्त!

बरं, नुसती मेंदी पडून भागलं असतं. पण जाऊबाईंनी चव घेतली, आंबट काही लागेना. लागेल कसं? मग म्हणाल्या, 'अंबाडी जुनी दिसते,' आणि ओतलं की त्यात चिंचेचं पाणी, वाटीभर! भांडं कुठलं? लोखंडी कढई! आता तुम्ही बायका आहात, तुम्हाला सांगायला नको. मेंदी भिजवताना रंग चढावा म्हणून आपण काय काय करतो? चिंचेचं पाणी घालतो, लोखंडाच्या भांड्यात ठेवतो, ऊब देतो. एखाद्या नवरीची मेंदीसुद्धा इतक्या निगुतीनं कुणी केली नसेल, तेवढी जाऊबाईंनी आमच्या डुकराची केली!

पंगत बसली. अंगणातल्या मांडवात सगळी आळी, गुमास्ते सहज आलेले, आबासाहेब आपली ताटली घेऊन, फादर मध्ये. आमचे फादर परदेशातले, मराठी पुस्तकातून शिकलेले, पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत. प्रार्थना झाली. माझं मौन सुटलं. सगळे म्हणाले 'आमेन', आणि मीही पहिला शब्द बोलले. काय बोलले? 'आमेन'! दुसरं काय बोलायचं असतं प्रार्थनेनंतर?

मग जाऊबाई पळी घेऊन निघाल्या आणि लोकांनी पहिला घास घेतला.

गप्प! सगळं अंगण गप्प. पहिल्या वर्षासारखंच. मग एकेक डोळा कोपऱ्यातून जाऊबाईंकडं वळला, आणि तुम्हाला सांगते, मला माणसांची कीव आली. मार्थाबाईंचं कालवण ते, वाईट असेल कसं? गुमास्ते घास गिळत म्हणाले, 'वा! ह्या वेळी काहीतरी… औषधी आहे.' आबासाहेब म्हणाले, 'गोव्याकडची पद्धत असणार ही, गोव्यात असंच कडू खातात.' गोव्यात ते कधी गेले परमेश्वर जाणे, त्यांची डागडुजी आमच्याच घरापुरती! मास्तर बायकोकडं बघून म्हणाले, 'अप्रतिम,' आणि पाणी प्यायले. आणि फादर! चमचा दाढीतून तोंडात, तोंडातून दाढीत, म्हणाले, 'मार्थाबाई, ह्या पदार्थात ह्या वर्षी एक विशेष गांभीर्य आहे.'

आणि सगळे खातायत! दुष्काळात मटण कोण टाकतो हो? मिलोच्या भाकरीबरोबर मेंदीसुद्धा मिष्टान्न! मी मात्र वाढत फिरत होते. 'दया, तू बसत नाहीस?' 'नाही, माझा उपास सुटायचाय अजून.' आणि प्रत्येकाच्या ताटात हसून हसून वाढतेय, 'घ्या ना, आणखी घ्या, जाऊबाईंच्या हातचं आहे.' मी कुणाचं वाईट चिंतत नाही हो, पण त्या दिवशी मी कुणाच्या ताटात रस्सा कमी पडू दिला नाही!

माझी आई म्हाताऱ्यांच्या ओळीत. तिची जेवणाआधीची प्रार्थना लांब असते, मेलेल्या सगळ्यांची नावं घेते, त्यात दुष्काळात मेलेली शेळीसुद्धा येते. लोकांचं निम्मं ताट झालं तेव्हा तिनं पहिला घास घेतला. चावला. थांबली. बोटं नाकाशी नेली. आणि बेलापूरच्या शिवारात ऐकू जावं अशा आवाजात म्हणाली,

'मेंदी हाय ही! माज्या कालवनात मेंदी कुनी घातली गं?'

जाऊबाई पळीसकट जागच्या जागी. म्हणाल्या, 'अहो आजी, तुमचं कसं? ही आमच्या घरची पद्धत…'

'तुमच्या घरची?' आई उठलीच ताटावरून. 'तुमच्या घरात केसं रंगवायला मटान लावत्यात व्हय? माज्या सासूनं शिकवलेलं कालवन हाय हे, बेलापूरचं! अंबाडी पडतीया ह्याच्यात, अंबाडी! मीच धाडती दर साली! दये, बोल की गं, का तुजं अजून मौन हाय?'

सगळी पंगत माझ्याकडं, मग जाऊबाईंकडं, आणि मग… केस म्हटलं होतं ना आईनं? मग सगळी पंगत मास्तरांच्या डोक्याकडं! आणि डोक्यावरून मास्तरांच्या हाताकडं, आणि मग प्रत्येक जण आपापल्या हाताकडं! पाचही बोटं केशरी! रंग एकच! डोकं आणि बोटं एकाच पुरचुंडीतली! मास्तर हळूच टोपी शोधायला लागले. आणि फादरांची दाढी… अहो, काय सांगू, ओठांखाली अशी केशरी पट्टी, जशी सूर्य मावळताना ढगाला येते तशी!

आणि जाऊबाईंची पळी खाली पडली. वितळली नाही, मतमाउली तेवढं बारीक बघत नाही, पण पडली. मी ती उचलली. धुतली. आणि माझ्या कमरेला खोचली.

जाऊबाई घरात गेल्या आणि दार लावून रडल्या. भिंत एकच, मला ऐकू येत होतं. मी कान लावून ऐकत नव्हते, आमची भिंतच तशी आहे, कान लावला की ऐकू येतं.

आणि दुसऱ्या दिवशी खरी मजा! सावेडीहून गोजरबाई टांगा करून आल्या. कधी न येणाऱ्या बाई! अंगणात उभ्या राहिल्या, कमरेवर हात. 'दयाबाई, आमच्या मालकांची बोटं कशानं हो रंगली? इचारलं तर म्हनत्यात, लग्नाला गेल्तो, मेंदी लावली. पुरुषाला? आन जेवायच्याच हाताला?' तेवढ्यात समोरून पोस्टमन गेला, बोटं केशरी. गुमास्ते सहज चाललेले, बोटं केशरी, खिशात घालायला उशीर झाला. गोजरबाई बघतायत, बघतायत… शेवटी फादर आले सायकलवरून, दाढी वाऱ्यावर. गोजरबाईंनी कपाळाला हात लावला, 'अगं बाई, देवाच्या मानसाची बी डागडुजी झाली!' आणि मग माझ्याजवळ सरकून, हळू आवाजात, 'काय हो, एवढं असतं तरी काय त्याच्यात?'

मग नव्या वर्षाच्या दिवशी मी खरं कालवण केलं. माझ्या हातानं, खऱ्या अंबाडीचं, आईला पाटावर बसवून. सगळे आले. गोजरबाईसुद्धा आल्या, डागडुजी बघायला, नवऱ्याबरोबर! केशरी बोटं पुन्हा ताटात, आणि पहिला घास गेला तसा फादरांनी उठून सांगितलं, 'बनुबाई, आपले कालवण धन्य आहे.' माझ्या आईचं नाव, सगळ्या नगरासमोर! आई लाजली हो, लुगड्याचा पदर तोंडात घेतला. आता बघा, नगरात कुणालाही विचारा, बनुबाईंचं कालवण म्हणतात.

मागितलं ते सगळं मिळालं. अगदी शब्दाला शब्द. आणि मी वरण-भात घेऊन बसले.

नवस! जन्माचा! कालवण मी करायचं, चरबी माझ्यापुढं कढायची, तो वास नाकात, केसांत, लुगड्यात घेऊन मी फिरायचं, आणि जिभेला थेंब लावायचा नाही! बरं, चव न घेता मीठ कसं कळणार? दुसऱ्या वेळी मीठ जास्त पडलं, लोक कुजबुजले. तेव्हा चव घ्यायला माणूस हवं. आता आळीत त्या कालवणाची चव इतक्या वर्षांची कुणाच्या जिभेवर आहे? कोण येऊन म्हणालं असेल, 'दया, मी बघते ना गं मीठ'? ओळखलंत! वाटी घेऊन येतात, वाटीभर चव घेतात! एक वाटी मिठासाठी, एक आंबटासाठी, आणि एक 'अजून नक्की कळेना गं' म्हणून! पेटी वाजवणारी बाई दोन महिन्यांत अशी भरली, गालांवर तकाकी, आणि मी वाळून अंबाडी झाले. आता लोक काय म्हणतात? 'कालवण बनुबाईंचं, पण पारख मार्थाबाईंची हं!'

शेवटी मी फादरांकडं गेले. म्हटलं, फादर, नवस बदलून मिळतो का? मटणाऐवजी दोडका चालेल का? फादर वेदीजवळ उभे, दाढीचं टोक अजून केशरी. म्हणाले, 'दयाबाई, नवस हे परमेश्वराला दिलेले वचन होय. सद्बुद्धीने केला असेल, तर मरेपर्यंत पाळावा. परंतु जर तो द्वेषाने, कोणाचे वाईट व्हावे म्हणून केला असेल, तर तो नवसच नव्हे! तो क्षणात रद्द. पश्चात्ताप करावा आणि आजच पोटभर मटण खावे.'

अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! जिभेला आलं ते वेगळंच! आजच! पोटभर! नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं… आणि वेदीच्या मागून फुलदाणी हलली. फुलं कोण लावत होतं? जाऊबाई! हातात झेंडू, कान माझ्याकडं. शांतपणे पुढं आल्या आणि अगदी इस्त्रीच्या आवाजात म्हणाल्या, 'छे हो फादर! आमची दया? ती कुणाचं वाईट चिंतेल का कधी? सगळ्या आळीला विचारा. तिचा नवस सद्बुद्धीचाच असणार. जन्मभर पाळेल ती. आ-हे की नाही गं, दया?'

फादर माझ्याकडं बघतायत. जाऊबाई माझ्याकडं बघतायत. खिडकीतून आसारामाच्या वस्तीकडून चरबी कढल्याचा वास येतोय…

मी मान हलवली. म्हटलं, 'हो फादर. मी कुणाचं वाईट चिंतत नाही.'

तेव्हा बायांनो, एवढं माझं ऐका. येत्या सप्टेंबरात माझ्याबरोबर हरेगावला चला, मेणबत्ती माझ्याकडून. आणि मतमाउलीपुढं उभं राहून तुम्हीही असाच एक नवस बोला, मटण सोडायचा. कारण काहीही चालेल, पाऊस पडू दे म्हणा. नाताळाच्या पंगतीत वरण-भात खायला मला निदान एक ओळ तरी सोबत होईल… आणि ती ओळ जाऊबाईंच्या बरोबर समोर धरू, बघूया त्यांच्या घशाखाली घास कसा उतरतो!